गाडीसाठी नदी

१२ जाने. ९७, रवि.
कॉलनीच्या मंडळाची मीटिंग. ह्यांच्या जागेवर मी जाऊन बसले. सगळे हमाल, मुकादम, ह्यांच्या टोळीतले. बाई मी एकटी. विषय: मार्केटसाठी अँब्युलन्स. कांद्याच्या गोणींची थप्पी ह्यांच्या अंगावर कोसळून पाच महिने झाले, तेव्हा कुठे विषय निघाला. त्यातही पैसे उभे करायला एक म्हणतो क्रिकेटचे सामने भरवू, दुसरा म्हणतो ऑर्केस्ट्रा ठेवू. गायिका कुठून आणायची यावर पाऊण तास. माझं डोकं फिरलं. उठून म्हणाले, नाचगाणं कशाला, मी नदी पोहते. लोकांकडून मैलाप्रमाणे वर्गणी घ्या आणि गाडी आणा.
हसले सगळे. एक जण तोंडावर रुमाल धरून.
शिंदे भाऊजी तेवढे हसले नाहीत. ते मंडळाचे सेक्रेटरी, ह्यांचे टोळीतले जोडीदार. वीस वर्षं एका गोणीला दोघांचे हात. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

१३ जाने.
सकाळी उठल्यावर वाटलं, काय बोलून बसले. माहेर कराडजवळ, कृष्णेकाठी. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले, चौदाव्या वर्षी पुराच्या पाण्यातून पलीकडे गेले होते, बापाचा मार खाल्ला. लग्नानंतर पाण्यात पाय नाही. आता एकोणचाळीस. शाळेत क्लार्कची खुर्ची, कंबर दुखते.
ह्यांना सांगितलं. "माझ्या नावानं भीक मागनार?" एवढंच म्हणाले. तोंड भिंतीकडे.
मी म्हणाले, भीक नाही, मी पोहणार आहे.  कमरेखाली हलत नाही तो माणूस, पण पाठ फिरवायला बरोबर जमतं.

१९ जाने., रवि.
शाळेतल्या पी.टी.च्या नसीमबाईंना विचारलं. हसतील वाटलं. म्हणाल्या, कुठली नदी? त्यांचं माहेर आपट्याजवळ, पाताळगंगेच्या काठी. भावांची होडी होती. म्हणाल्या, आपट्यापासून सुटायचं, खारपाड्याचा पूल ओलांडून खाडी रुंद होते तिथवर. पंधरा कि.मी. भरेल. तुम्ही पोहता की बोलता?
बघू म्हणाले.

२ फेब्रु., रवि.
वाशीच्या पोहण्याच्या तलावावर लेडीज बॅच दुपारी एक ते पावणेदोन. पंचेचाळीस मिनिटं बायकांना, बाकी सगळा दिवस पुरुषांना. ऑफिसातला माणूस म्हणतो, साडी नेसून उतरता येणार नाही. मी म्हणाले, साडी नेसून पोहणारी दिसते का मी? नसीमबाईंनी घट्ट हाफ पँट आणि लांब बाह्यांचा ब्लाऊज शिवून दिलाय. काळा.
चार लांबी आणि दम संपला. काठाला धरून राहिले. शेजारी कॉलेजातल्या मुली, माशासारख्या. लाज नाही वाटली, राग आला. लग्नाची अठरा वर्षं मी कुठे होते?

९ फेब्रु.
वीस लांबी. खांदे उचलत नाहीत. घरी येऊन ह्यांना पुसून काढायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर. बेडसोअर एक भरत आलाय. मी ओरडले तरी हे बोलत नाहीत, नाही ओरडले तरी नाहीत. डॉक्टरांनी सप्टेंबरात सांगितलेलं वाक्य रोज आठवतं: मणक्याला मार होताच, पण आणताना कसं आणलं त्यावर बरंच असतं. कसं आणलं? कांद्याच्या हातगाडीवर, पाय लोंबकळत, मेन रोडपर्यंत. तिथे टेम्पोला हात केला. दोन तास.
आणि गाळ्यासमोर शेठची पांढरी गाडी उभी. ज्या शेठचा माल उतरवत होते त्याच शेठची. ड्रायव्हर म्हणाला, सीट खराब होईल, शेठला विचारतो. आत गेला तो आलाच नाही. हे मला हॉस्पिटलच्या पायरीवर शिं. भाऊजींनी सांगितलं होतं, रडत.

२३ फेब्रु., रवि.
आज खाडीत. दिवाळे गावचे बाळारामदादा कोळी, नसीमबाईंच्या भावाच्या ओळखीचे, होडी घेऊन आले. साठीचे असतील. मला वरून खालून बघितलं. "वहिनी, हात मारतेस का कुनाला मारतेस? पान्याला धोपटू नको, निम्मा जोर तिथंच जातोय."
चिखलाचा वास केसातून जात नाही. दीड तास सलग. शेवटी त्यांनी विचारलं, कुणावर एवढी चिडलीस. 

२ मार्च, रवि.
बाळारामदादा कि.मी. मोजत नाहीत. म्हणाले, ही एका ओहोटीची वाट हाय. भरती संपली की उतरायचं, पानीच नेतंय. उशीर झाला तर तेच पानी उलटं येनार. तारीख ठरवली त्यांनीच: ६ एप्रिल, पाडव्याच्या आधीचा रविवार. दुपारी बाराला सुटायचं.

९ मार्च
मंडळाची पावती पुस्तकं छापून आली. त्यावर 'सौ. शालिनी'. माझं नाव शालन आहे. म्हटलं बदला. म्हणे आता छापलं, वहिनी, फरक काय पडतो.
पोहणारीचं नाव चुकलं तर फरक पडत नाही.

१२ मार्च
शिं. भाऊजी घरी आले. खूश. वर्गणी जमत नव्हती, आता टेन्शन नाही, एकच माणूस अख्खी गाडी देतोय. कोण? शेठ. तोच. वडिलांच्या स्मरणार्थ. गाडीवर वडिलांचं नाव, पोहण्याच्या दिवशी नदीवर नारळ फोडायला स्वतः येणार, आणि पोहणं झालं की गाडी.
मी चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं. म्हणाले, ज्यानं गाडी दिली नाही तो गाडी देतोय?
भाऊजी चप्पल घालत म्हणाले, "त्या दिवशी गाडी नव्हती, वहिनी."
परत म्हणा, मी म्हणाले.
"नव्हती. मी गडबडीत काहीतरी बोललो असेन. गाडी मिळतीय ना आता? पुढच्या माणसाचं बघा."
गेले. चहा न पिता.
म्हणजे पायरीवर बसून रडले ते काय होतं? मी वेडी आहे? शेठनं काय दिलंय भाऊजींना? त्यांच्या पोराला गाळ्यावर लावतोय म्हणे. वीस वर्षांची जोडी आणि

१३ मार्च
काल पुढे लिहवेना.
ह्यांनी सगळं ऐकलं होतं, आतल्या खोलीत. आज जेवताना ताट अर्धवट सारलं आणि आपणहून बोलले. सात महिन्यांत आपणहून पहिल्यांदा.
"गाडी व्हती. मी टायर बघत पडलो व्हतो. टायरला कांद्याची सालं चिकटलेली."
  भात कालवून दिला, खाल्ला.

१६ मार्च, रवि.
नसीमबाईंना म्हणाले, मी पोहत नाही. त्या शेठच्या नारळावर मी पाण्यात उतरायची? त्यांनी मला समजावलं नाही. म्हणाल्या, ठीक आहे, नका पोहू, पण उद्या पुन्हा कुणी थप्पीखाली सापडला तर हातगाडी कोण ढकलेल तेवढं ठरवून ठेवा.
अडीच तास पोहले आज खाडीत. रागाला दुसरं ठिकाण नाही.

२४ मार्च
काल होळी. दिवाळे गावात दोन दिवस सगळं बंद, बाळारामदादा नाचतायत म्हणे. मला सुट्टी. ह्यांची दाढी केली. ब्लेड गालावर असताना विचारलं, मी पोहू की नको. ब्लेड बाजूला घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, "तुझं तू बघ. माझं नाव कुठं घालू नको." बरं.

३० मार्च, रवि.
शिं. भाऊजींशी बोलत नाही. ते मंडळातर्फे होडीत बसणार, साक्षीदार म्हणून. म्हणाले, पाहुण्यांसमोर अंगावर शाल घ्या, वहिनी, तो पोहायचा ड्रेस बरा दिसत नाही. मी म्हणाले, शेठना सांगा, डोळे मिटा.
नसीमबाई हसत सुटल्या. मला हसू आलं नाही.

५ एप्रिल, शनि.
उद्या. केळी, गूळपाणी, व्हॅसलीन, खोबरेल, टॉवेल दोन, ह्यांच्यासाठी शेजारच्या पवार मावशी दिवसभर थांबणार. पाठीची पावडर दाखवून ठेवली.
भीती वाटतेय. कुणाला सांगणार.

६ एप्रिल, रवि. (७ ला लिहिलं)
हात उचलत नाही, पण लिहून ठेवते, नाहीतर नंतर मीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.
आपट्याला साडेअकराला पोचलो. बॅनर. वर शेठच्या वडिलांचा फोटो, खाली शेठचा, त्याखाली बारीक 'सौ. शालिनी'. शेठ जाड नाही, मी कायम जाड समजत होते. साधा माणूस, घामेजलेला. हार घेऊन पुढे आला. मी म्हणाले, तेल लावलंय, डाग पडतील. हार हातातच राहिला. नारळ फोडला, पाणी माझ्या पायावर उडालं. त्यानं विचारलं, यजमान कसे आहेत. मी म्हणाले, पडून आहेत. फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला.
बाराला उतरले. पाणी कोमट, वर हिरवट. होडीत बाळारामदादा वल्ह्यावर, नसीमबाई घड्याळ घेऊन, शिं. भाऊजी छत्री उघडून. नियम एकच, नसीमबाईंचा: होडीला हात लावायचा नाही.
पहिला तास सोपा. दोन्ही काठांनी माणसं, बायका धुणं सोडून उभ्या. एक म्हातारी ओरडून विचारत होती, कुनाची गो तू. ओहोटी लागली आणि पाणी खरंच न्यायला लागलं. दादांनी बांबूच्या टोकाला डबा बांधून गूळपाणी दिलं. अंगाला खाज. डोळे चुरचुरतात.
दुसऱ्या तासाला जलपर्णी. हात अडकतात, पायाला दोऱ्यासारखं गुंडाळतं. एके ठिकाणी गिळलं पाणी, उलटी झाली. नसीमबाई म्हणाल्या, बस का? मी मान हलवली, नाही.
खारपाड्याचा पूल दिसायला लागला तेव्हा डाव्या पोटरीत गोळा. उताणी झाले. वर आभाळ, बाजूला होडीचा काठ, आणि त्या काठावरून खाली बघणारा शिं. भाऊजींचा चेहरा. छत्री माझ्यावर सावली पडेल अशी धरलेली. ती सावली मला सहन झाली नाही.
विचारलं. तशीच उताणी, तोंडात पाणी जात होतं. गाडी होती की नव्हती.
म्हणाले, वहिनी, आधी पाय सोडवा.
मी म्हणाले, नाही पोहत. इथेच राहते. गाडी होती की नव्हती?
बाळारामदादांनी वल्हं थांबवलं. त्यांना काय चाललंय कळत नव्हतं, पण थांबवलं. पाणी आम्हाला सगळ्यांनाच पुलाकडे नेत होतं.
"होती," म्हणाले. "होती, वहिनी. पण उचललं मी. ड्रायव्हर येईना, हा पडल्या जागी ओरडतोय, मी काखेत हात घालून ओढला आन् हातगाडीवर टाकला. डॉक्टर म्हणाले ना, आणताना कसं आणलं. मी आणलं. गाडीचा विषय निघाला की तो विषय निघतो. कुणी ना कुणी विचारणार, उचललं कुणी."
छत्री मिटली होती त्यांनी. गुडघ्यावर ठेवून बसले होते.
मी पालथी झाले आणि पोहायला लागले. दुसरं काय करणार होते. पोटरी तशीच, एका पायानं. पुलाखालून गेले, वर ट्रक थांबवून लोक बघत होते, काही शिट्ट्या मारत होते. नंतर खाडी रुंद, वारा समोरून, पाणी खारट. शेवटचा तास मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की तीन महिने ज्या रागावर हात चालत होते तो कुणावर धरायचा ते कळेना. शेठवर धरला. पुरला नाही. त्या माणसावर धरायला गेले तर तो होडीत हुंदके देत होता, ऐकू येत होतं.
चार वाजून चाळीसला चिखलात गुडघे टेकले. दादांनी उचलून काठावर ठेवलं. म्हणाले, शेवटी शेवटी बरोबर हात मारलेस.

८ एप्रिल, पाडवा
गुढी पवार मावशींनी उभी करून दिली. माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत.
पेपरात फोटो. शेठ, हार, मी अर्धी. नाव शालिनी.
दुपारी ह्यांना सांगितलं, शिंदे होडीत काय बोलले ते. सगळं, शब्दाला शब्द. ऐकून घेतलं. हं म्हणाले. पाणी मागितलं. मी ग्लास आदळला. पाच मैल एका पायानं पोहून ही गोष्ट आणली मी ह्यांच्यासाठी, आणि हं.

१४ एप्रिल
शिं. भाऊजी तीन वेळा जिन्यापर्यंत येऊन परत गेले, मावशींनी बघितलं. मी दार उघडलं नाही. उघडून काय बोलू? ओढायला नको होतं म्हणू? त्यांच्या जागी मी असते तर मीही ओढलंच असतं. हे मान्य करवत नाही म्हणून आणखी चिडचिड.

२० एप्रिल, रवि.
निरोप आला. गाडी तयार. १ मे ला सकाळी दहाला मार्केटच्या गेटवर सोहळा. शेठच्या हस्ते चावी, माझा सत्कार, दोन शब्द बोलायचे. कागदावर लिहूनही पाठवलेत दोन शब्द: शेठजींचे आभार, मंडळाचे आभार. कागद फाडला.
मी काय बोलणार ते मला माहीत आहे. गाडी होती, दिली नाही, एवढंच. पण लगेच मागून प्रश्न येईल, मग नेलं कसं? आणि शिंद्यांचं घर बसेल. त्यांच्या पोराचं काम जाईल. टोळी त्यांना उभं करणार नाही. शेठला काही होणार नाही. तो गाडीत बसून घरी जाईल.
आणि नाही बोलले तर गाडीच्या पाटीवर वडिलांचं नाव आणि वर्षानुवर्षं सगळे म्हणणार, देवमाणूस.

२७ एप्रिल
नसीमबाईंना विचारलं, तुम्ही काय केलं असतंत. म्हणाल्या, मी पोहलेच नसते. मग म्हणाल्या, खोटं बोलले, पोहले असते.  

३० एप्रिल, बुध.
हे म्हणाले, उद्या मला ने.
आठ महिन्यांत हॉस्पिटल सोडून कुठे नाही. मी म्हणाले, कशाला, हसं करून घ्यायला? म्हणाले, पांढरा शर्ट इस्त्री कर.
पोहले मी. खाज मला सुटली, उलट्या मला झाल्या. आणि आता हे पांढरा शर्ट घालून जाणार.
केली इस्त्री.

१ मे, गुरु.
नऊ वाजून गेलेत. कुलूप लावायच्या आधी एवढं लिहिते.
व्हीलचेअर नसीमबाईंनी कुठून तरी आणली, खाली ठेवलीय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, उचलून न्यायला दोन माणसं लागतात. मावशींचा मुलगा एक. दुसरा कोण, विचारलं. हे म्हणाले, "शिंद्याला बोलव."
मी म्हणाले, नाही. म्हणाले, बोलव.
आले. उंबऱ्याच्या बाहेर उभे, आत येईनात. चपलाही काढेनात. हे बाजेवर बसलेले, भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली.
"शिंद्या," म्हणाले, "आत ये. उचल. त्या दिवशी पण मीच म्हनलो व्हतो, उचल म्हनून. हितं मरायचं न्हाई म्हनलो व्हतो. विसरलास व्हय?"
भाऊजी दाराला धरून खाली बसले.  मी मध्ये उभी, हातात ह्यांचा टॉवेल.
म्हणजे ह्यांना माहीत होतं, उचलायला ह्यांनीच सांगितलं होतं. आठ महिने. तो माणूस जिन्यावरून परत जात होता, मी दार बंद ठेवत होते, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं. म्हणाले, त्यानं विचारलं न्हाई. दोघांनाही त्याच खाडीत ढकलून द्यावं असं वाटलं.
मग उचललं. काखेत हात नाही घातला ह्या वेळी. भाऊजींचा एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, मावशींचा मुलगा पायाशी. पायरी पायरीनं, मोजत. भाऊजींचे डोळे वाहत होते, पुसायला हात रिकामा नव्हता.
जिन्याच्या वळणावर ह्यांनी मला वर बघून सांगितलं, माईक तुझ्याकडं आला की माझ्याकडं दे.
काय बोलणार, विचारलं.
बघू, म्हणाले.
ह्यांनी शेठला माफ केलं तर मी सत्काराची शाल तिथेच ठेवून स्टेजवरून उतरणार. नाही केलं, त्या दिवशीच्या गाडीचं बोलले, तर उद्यापासून ह्या कॉलनीत काय होईल सांगता येत नाही. आणि माईक द्यायचाच का, हेही मी अजून ठरवलेलं नाही. बोलायला मला बोलावलंय.
खालून भाऊजी हाक मारतायत. येते म्हणाले.